वीस म्हणजे किती?

आमच्या विद्यापीठात कुणी तारीख सांगितली, की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. तारीख काय आहे ते नंतर. हा किती दिवस दाबून ठेवतोय ते आधी. यात तसा कुणाचाच दोष नव्हता. पोरं उशिरा येतात म्हणून ऑफिस आठ दिवस अलीकडची तारीख बोर्डावर लावायचं. ती विभागात पोचली की विभागप्रमुख तिच्यातले चार दिवस कापायचे. मार्गदर्शक आणखी दोन कापायचे, कारण त्यांनाही वाचायला वेळ नको का. पोरंही काही दूधखुळी नव्हती. ती हे सगळे दिवस परत मिळवायची, वर आपल्या पदरचे चार घालायची आणि निवांत झोपायची. एका वर्षी तर मिळवता मिळवता इतके दिवस मिळवले गेले, की अख्खा वर्ग पुढच्या वर्षीच्या परीक्षेला जाऊन बसला. पासही झाला. दुसऱ्या एकाने प्रबंध आणून दिला तेव्हा मार्गदर्शकाच्या खुर्चीत त्याचाच थोरला मुलगा नेमला गेलेला होता. मुलाने बापाला दुरुस्त्या सांगितल्या. दुरुस्त्या योग्य होत्या, एवढं मी शपथेवर सांगतो.

मी तिथल्या अभ्यासिकेचा शिपाई. चाळीस टेबलं, शहाण्णव खुर्च्या, भिंतीवर एक घड्याळ आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, असा एकतीस वर्षांचा कारभार. पण माझी खरी पत होती ती तारखांमुळे. परीक्षा विभागाचा हेडक्लार्क माझ्याच वर्षी नोकरीला लागलेला. खरी तारीख त्याच्या टेबलाच्या खणात असायची, आणि ती तोंडाने कुणाला सांगायची नाही असा नियम होता. तो नियमाचा पक्का. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो, इकडचं तिकडचं बोलून बोर्डावरच्या तारखेचा विषय काढायचो, आणि तो चष्मा पुसता पुसता आठ बोटं वर करायचा. तोंडातून अवाक्षर नाही. मग पोरं माझ्याकडे यायची. मामा, पंधरा म्हणजे किती? मी सांगायचो, तेवीस. एकतीस वर्षांत माझी एक तारीख चुकली नव्हती.

हे 'मामा' प्रकरण भाचीमुळे सुरू झालं. ती शिकायला आली आणि तिचं ऐकून सगळं विद्यापीठच मला मामा म्हणायला लागलं, त्यात माझ्याहून वयाने मोठे दोन प्राध्यापकही होते. माझ्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक. शेवाळावर संशोधन करायची. भिंतीवरचं, पायऱ्यांवरचं, गळक्या नळाखालचं शेवाळ वर्षाकाठी किती सरकतं ते पट्टी लावून मोजायची. हॉस्टेलमध्ये तिला शेवाळी म्हणत. हा विषयच असा की घाई करून भागत नाही, आणि पोरीचा स्वभाव शेवाळाच्याही दोन बोटं मागे. सहा वर्षं उलटली, तीनदा मुदत वाढवून झाली, आणि मग पत्र आलं. या खेपेला प्रबंध मुदतीत आला नाही तर नोंदणी रद्द. पुन्हा अर्ज नाही, पुन्हा विनंती नाही. बहीण तिकडे घरी शिवणकाम करायची. तिने फोनवर मला एवढंच सांगितलं, की दादा, यंदा झालं नाही तर सामान घेऊनच ये म्हणावं तिला, मी दुसरं मशीन घेऊन ठेवलंय. बहीण रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मशीनच्या रंगाबद्दल बोलत होती.

अशातच विद्यापीठाने एक माणूस नेमला. विद्यार्थ्यांना वेळेचं नियोजन शिकवायचं, एवढंच त्याचं काम. जिन्याखाली मोडक्या खुर्च्या टाकायची खोली होती, ती झाडून त्याला दिली. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं मिनिटराव. चाळिशीचा, काडीसारखा, हळू बोलणारा, आणि पायांत आवाज न करणाऱ्या चपला. आवाज न करणाऱ्या चपला घालणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही. बरं, हा वेळेचा माणूस, आणि याच्या मनगटावर घड्याळ नाही. नुसतं नसतं तर मी सोडून दिलं असतं. पण तिथे पट्ट्याएवढी फिकट जागा होती. म्हणजे घड्याळ होतं, आणि आता नव्हतं. का नव्हतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

त्याने आल्या आल्या मला विचारलं काय, तर खरी तारीख कोणती. असं तोंडावर. एकतीस वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. अमुक म्हणजे किती, असं आडून विचारायची आमच्याकडची रीत. मी म्हटलं, कशाची तारीख? तो म्हणाला, कशाचीही. पोरांना दिवस आखायला शिकवायचे तर निदान एक दिवस तरी खरा हवा ना, कुठून मोजायचं? मी म्हटलं, साहेब, मी खुर्च्या मोजतो.

त्याची पद्धतही सरळ नव्हती. मला वाटलं होतं वेळापत्रकं वाटेल, पहाटे उठा म्हणेल. तसलं काही नाही. तो चिठ्ठ्या द्यायचा. चिठ्ठीवर काम लिहायचं, त्याला किती वेळ लागेल त्याचा आपला अंदाज लिहायचा, आणि काम उरकल्यावर प्रत्यक्षात किती लागला तो आकडा शेजारी. आठवडाभर असं करायचं आणि सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याकडे जमा करायच्या. शिवाय अभ्यासिकेत शिरताना मोबाइल एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा माझा, कुलूप माझं, किल्ली त्याच्याकडे. पोरं सुरुवातीला त्या डब्याकडे अशी बघायची, जशी काही आईला दवाखान्यात ठेवून चालली आहेत.

पण चिठ्ठ्या कशाला हव्यात याला? मी त्यावर खूप विचार केला. कोण कामाला किती वेळ लावतो याचा लेखी पुरावा, तोही पोरांच्याच अक्षरात, पोरांनीच आणून दिलेला. माणूस कुलसचिवांचा असणार. नोंदण्या रद्द करायच्या तर यादी लागते, आणि यादी अशीच गोडीगुलाबीने तयार होते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि नेमकी माझी भाची त्याच्या खोलीत जाऊन बसायला लागली. पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या मी तिच्या टेबलावर बघितल्या. 'तिसरं प्रकरण तपासणे, दोन तास.' शेजारी, सात. 'तक्ता काढणे, अर्धा तास.' शेजारी, पावणेदोन. बिचारीचं तोंड उतरलं होतं. पुढच्या आठवड्यात तिने 'चौथं प्रकरण लिहिणे' अशी चिठ्ठी नेली तर त्याने ती परत केली. म्हणाला, हे काम नाही, हा डोंगर आहे. उद्या सकाळी खुर्चीत बसल्यावर हाताने पहिलं काय कराल ते लिहा. मग तिने लिहिलं, 'सातव्या तक्त्यातले आकडे वहीशी ताडून बघणे.' ते झालं की पुढचं. असं करत तीन आठवड्यांत दोन प्रकरणं उभी राहिली. सहा वर्षांत जे झालं नव्हतं ते. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण कुणी घरातलं जड सामान फुकट उचलून द्यायला लागलं की आपण त्याच्याबरोबर दारापर्यंत जातो ना, तसा तो आनंद होता.

महिन्याच्या अखेरीला मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, की मिनिटराव परीक्षा विभागात शिरला आणि हेडक्लार्कने आतून दार लोटून घेतलं. पाऊण तास. आणि एक तारखेला बोर्डावर नोटीस लागली. प्रबंध स्वीकारण्याची अंतिम तारीख वीस, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत: ही तारीख खरी आहे.

बोर्डासमोर ही गर्दी. असलं वाक्य आमच्या विद्यापीठात कुणी कधी वाचलं नव्हतं. चोर कधी आपण होऊन सांगतो का, मी चोर नाही म्हणून, असं एक जण म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. दुसरा म्हणाला, नुसतं वीस लिहिलं असतं तर अठ्ठावीस धरलं असतं. खरी म्हणतायत म्हणजे पुढच्या महिन्यावर गेली. एकाने तर घरी जायचं सामान बांधलं.

मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी गेलो. इकडचं तिकडचं बोललो. मग वीस तारखेचा विषय काढला. हेडक्लार्कचे दोन्ही हात खिशात होते. ते तिथेच राहिले. चष्मा नाकावर, पुसायचं नाव नाही. म्हणाला, बोर्डावर लावलीय, वाच. एकतीस वर्षांचा दोस्त, आणि मला म्हणतो वाच. मी काय समजायचं ते समजलो. गड्यावर दबाव होता. दाराआड पाऊण तास काहीतरी घातलं होतं त्याच्या डोक्यात. पण सवय कुठे जाते? बोटं खिशात आठच होती. मला तर ती कापडातून दिसलीसुद्धा.

संध्याकाळी भाचीने विचारलं, "मामा, वीस म्हणजे किती?"

"अठ्ठावीस."

"सर म्हणतात, वीस म्हणजे वीस. ते म्हणतात, त्यांनी समोर बसून लिहून घेतलीय."

"लिहून घेतलीय ना? मग तर नक्कीच अठ्ठावीस."

ती हसली, पण गेली जिन्याखालीच. पुढचे आठ दिवस वीस धरूनच काम करत होती. मला बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. एकीकडे एकतीस वर्षांचा सख्खा मामा, आणि दुसरीकडे महिनाभराच्या मऊ चपला.

नऊ तारखेला मिनिटराव जेवायला बाहेर गेला तेव्हा मी त्याची खोली उघडली. विद्यापीठातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची, झाडायला शिरलो म्हणायची सोय होती, हातात केरसुणीही घेतली होती. खणात सात पेन्सिली, सगळ्यांना टोक केलेलं. चिठ्ठ्यांचे गठ्ठे, दोऱ्याने बांधलेले. आणि एक वही. वहीत यादी. मी म्हटलं होतं ना, यादी असणार. प्रत्येकाचं नाव, पुढे एक आकडा. कुणाला दोन, कुणाला पावणेतीन. आणि मधेच, लाल पेन्सिलीने: शेवाळी, साडेतीन. मी ते पान माझ्या डायरीत उतरून घेतलं आणि केरसुणी घेऊन बाहेर आलो.

भाचीला दाखवलं तेव्हा ती नळाशी बाटली भरत होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"दहापैकी?" तिने विचारलं.

"मग काय, साडेतीनपैकी साडेतीन देणार होता तुला?"

 तिने बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. म्हणाली, माझ्या तोंडावर तर चांगलं चाललंय म्हणत होते. मी म्हटलं, तोंडावर सगळेच म्हणतात. यादी वर गेली की बघ. तू आपली त्याच्या नादाला लागू नकोस, अठ्ठावीसपर्यंत वेळ आहे, शांतपणे कर.

दुसऱ्या दिवसापासून ती जिन्याखाली गेली नाही. आणि माझं ऐकून शांतपणे करायला लागली. शांतपणे म्हणजे कसं, तर पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान तिने पाच वेळा बदललं. दोन दिवस पट्टी घेऊन पायऱ्यांवर बसली, मोजलेलंच परत मोजत. चिठ्ठ्या बंद झाल्या. मी येता-जाता बघत होतो. ती टेबलाशी आहे, वही उघडी आहे, पोरगी कामात आहे, असं मनाला सांगत होतो. मिनिटराव माझ्याकडे दोनदा येऊन गेला. ती दिसत नाही, बरी आहे ना, म्हणून. मी म्हटलं, शेवाळ मोजायला गेलीय. तो म्हणाला, मामा, वीसला सहा दिवस उरलेत. मी म्हटलं, मलाही मोजता येतं. तो त्या चपलांतून निघून गेला. किती दूर गेला ते कळायलाही मार्ग नव्हता.

वीस तारीख मंगळवारी आली. जेवणं झाल्यावर मी हजेरीचं रजिस्टर द्यायला परीक्षा विभागात गेलो, तर हेडक्लार्क लाखेची कांडी वितळवत बसलेला. समोर सात प्रबंध, शेजारी सुतळी. गठ्ठ्यावर आजची तारीख घातलेली. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, पाचला खिडकी बंद होते. मी हसलो. तो हसला नाही. त्याने हात खिशातून काढले आणि दोन्ही पंजे मिटून टेबलावर ठेवले.

"या वेळी बोटं नाहीत," तो म्हणाला. "त्या माणसाने मला विचारलं, तुम्ही खोटी तारीख लावल्यामुळे एकतीस वर्षांत एक तरी पोरगं वेळेवर आलं का? मी सगळी रजिस्टरं काढून बसलो. एकही नाही रे."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"बोर्डावर लिहून लावलं. तुला म्हटलं, वाच. आणखी कसं सांगतात?"

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. परीक्षा विभाग ते अभ्यासिका हे अंतर मी त्या दिवशी असं कापलं, की माझी सावली अर्ध्या वाटेत मागे राहिली आणि पाच मिनिटांनी येऊन टेकली. भाची दोन शेवाळांच्या नावांमध्ये एका अक्षराचा फरक शोधत होती. मी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.  तिने कागद गोळा केले आणि सरळ जिन्याखाली.

मी मोठ्याने बाकीच्यांनाही सांगितलं, की पोरांनो, वीस म्हणजे वीसच. सगळी हसली. मामा, तुम्हालाही फोडलं का मिनिटरावाने, असं एक जण म्हणाला. अठ्ठावीस तुम्हीच सांगितलंत ना, आणि तुमची तारीख कधी चुकत नाही.  आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खाली गेलो तेव्हा मिनिटराव तिचे कागद टेबलावर मांडत होता. इतके दिवस कुठे होतात, हे त्याने विचारलं नाही. काय काय उरलंय ते विचारलं. संदर्भांची यादी उरली होती, शेवटच्या प्रकरणातल्या आकृत्यांखालच्या ओळी, मागचं परिशिष्ट, आणि तिन्ही प्रती बांधणं.

"किती वेळ लागेल?"

"दीड तास."

"आणि खरा?"

तिने बोटांवर मोजायला घेतलं. त्याने वही उघडून तिच्यापुढे सरकवली. तीच वही. तिने साडेतीन वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मग तिलाच उमजलं. ते गुण नव्हते. माणूस तोंडाने जेवढा वेळ सांगतो, त्याच्या किती पट त्याला प्रत्यक्षात लागतो, तो आकडा होता. दोन म्हणाली तिथे सात लागले, अर्धा म्हणाली तिथे पावणेदोन. इतकं साधं, आणि खण उघडायच्या आधी मी नुसतं विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

"साडेतीन वाईट आहे का, सर?" तिने विचारलं.

"वाईट-चांगलं त्यात काही नाही. माहीत असलं की झालं. तुमच्या विभागप्रमुखांचा पाच आहे."

दीड तासाचे साडेतीन पट म्हणजे सव्वापाच तास. हातात होते अडीच. तो म्हणाला, सव्वापाच तासांचं काम अडीच तासांत होत नाही, कितीही धावलं तरी. काहीतरी सोडावं लागेल. काय सोडायचं ते तुम्ही ठरवायचं, मी नाही.

तिने फार वेळ घेतला नाही. परिशिष्टाचा लिफाफा उचलला. त्यात छत्तीस फोटो होते. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीचा एकच कोपरा, दर दोन महिन्यांनी एक, सहा वर्षं. ती पहिल्यांदा आली तेव्हा तो कोपरा मीच तिला दाखवला होता. फोटो एकामागून एक भराभर उलटले की शेवाळ भिंत चढताना दिसायचं. ते तिन्ही प्रतींमध्ये चिकटवायचे, प्रत्येकाखाली मोजमाप लिहायचं, म्हणजे निम्मं काम त्यातच होतं. नियमाने परिशिष्ट सक्तीचं नव्हतं. ती म्हणाली, हे राहू दे. लिफाफा खिडकीत ठेवला, त्याच्यावर पाणी पडणार नाही असा, आणि संदर्भांना लागली. नऊ ते वीस, अकरा दिवस. हा हिशेब तिने केला नाही. मी केला.

मिनिटरावाने आकृत्या घेतल्या. ती तोंडाने सांगत होती, तो खाली ओळी लिहीत होता, बारीक, छापल्यासारख्या. मला प्रती बांधायला दिल्या. भोकं पाडायची आणि नाडी ओवायची. मी एकतीस वर्षं गठ्ठे बांधतोय. म्हटलं, दहा मिनिटं. पहिल्या प्रतीत दुसरं प्रकरण उलटं गेलं. सोडलं. नाडीचं टोक उसवलं, ते भोकात शिरेना, थुंकी लावली, तरी शिरेना. तिसऱ्या प्रतीत एक पान जास्त भरलं, ते माझ्या हजेरीच्या रजिस्टरचं निघालं. सगळं होऊन मान वर केली तर एक तास गेला होता. मिनिटरावाने न बोलता वहीत काहीतरी टिपलं. मी वाकून बघितलं. मामा, सहा.

पाचला आठ मिनिटं कमी असताना ती खिडकीशी पोचली. हेडक्लार्कने पहिली प्रत उघडली. बोटाला पाणी लावून एकेक पान उलटायला लागला. माझा दोस्त, माझ्या भाचीला ओळखतो, लहानपणी तिला खांद्यावर घेऊन फिरलाय. पण एक पान गाळलं नाही. शेवटचा संदर्भ बघितला, नियम बघितला, शिक्का शाईवर दाबला, फुंकर घातली आणि उमटवला. वीस. मग म्हणाला, परिशिष्ट नाही? भाची म्हणाली, नाही. तो म्हणाला, मागच्या खेपेला तू मला भिंतीचे फोटो दाखवले होतेस ते घालणार होतीस ना? ती म्हणाली, वेळ नव्हता. हे म्हणताना ती खिडकीकडेच बघत होती, माझ्याकडे नाही.

मी खाली बाकावर बसलो. पाचचे ठोके पडले आणि खिडकीची फळी खाली आली. असला आवाज झाला, की गावाबाहेरच्या कारखान्यातले लोक सुट्टी झाली समजून घरी गेले.

बाकीची पोरं अठ्ठावीसला आली, सगळी एकदम, रांगेने. खिडकी उघडली नाही. ती म्हणाली, म्हणजे खरी तारीख पुढे असणार. पाच तारखेला आली, बाराला आली. त्यांतली काही अजून तिथेच उभी आहेत. दोघांची रांगेतच ओळख होऊन लग्न झालं. त्यांची मुलं तिथूनच शाळेत जातात आणि संध्याकाळी परत आई-बापांच्या मागे येऊन उभी राहतात.

भाचीचा प्रबंध पुढे गेला. तज्ज्ञांनी वाचला, एकाने कळवलं की काम उत्तम आहे, पण वाढ डोळ्यांना दिसेल असं काही जोडायला हवं होतं. मग तोंडी परीक्षेचं पत्र यायचं होतं. मी हेडक्लार्ककडे गेलो. त्याच्यावर मी आता रागावलेलो नव्हतो. त्याने खण उघडला आणि पहिल्यांदाच मला कागद सरळ हातात दिला. चौदा तारीख, सकाळी अकरा. मी दोनदा वाचला. मग अभ्यासिकेत येऊन भाचीला सांगितलं, की चौदा. आणि चौदा म्हणजे चौदा, मी कागद बघितलाय.

"हो मामा," ती म्हणाली, अगदी गोड. वही मिटली, पेनाला टोपण लावलं, आणि जिन्याखाली गेली विचारायला.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो. तिने दार आतून लोटून घेतलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मग मी भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं. ती बाहेर आली तेव्हा चार मिनिटं झाली होती. चौदा का, हो चौदा. एवढं विचारायला आणि सांगायला, हळूहळू बोललं तरी, फार तर एक मिनिट.

उरलेली तीन मिनिटं ती दोघं काय बोलत होती?